कमळच बोलतंय

१

सून भावना दुपारच्या शाळेवर शिकवायला गेली की द्रौपदी दाराला कुलूप लावायची आणि काठी टेकत टेकत पॉवर हाऊसच्या बागेत जायची. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला अंबरनाथात जायला दुसरी जागा नव्हती असं नाही. विहारात महिला मंडळ होतं, खाली बिल्डिंगमध्ये म्हाताऱ्यांचा कट्टा होता. पण बागेत तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

पॉवर हाऊस आता नव्हतंच. त्याची चिमणी पाडून वीस वर्षं झाली होती. तिथे टॉवर उभे राहिले आणि टॉवरवाल्यांनी सोडलेल्या तुकड्यावर गेल्या डिसेंबरात स्मारक झालं. एकाहत्तरच्या लढाईत तेरा दिवस ब्लॅकआउट होता. काचांना काळा रंग फासून पॉवर हाऊस आतल्या आत धडधडत होतं आणि कारखान्यांची वीज मिनिटभरही जाऊ नये म्हणून त्रेचाळीस कामगार तेरा दिवस घरी गेले नव्हते. त्यांची नावं काळ्या ग्रॅनाइटवर कोरली होती. बबनचं सव्विसावं.

बेचाळीस नावं पांढऱ्या रंगात होती. सगळ्यांत वर, एकटं, मोठं, सोनेरी नाव हरिचंद्रचं होतं. खाली 'कर्तव्यावर असताना वीरमरण'. दहाव्या दिवशी कंट्रोल रूममध्ये वाफेचा पाइप फुटला तेव्हा बाहेर पळायचं सोडून त्याने फोन उचलला आणि लाइन दुसरीकडे वळवायला सांगितलं. निरोप पुरा झाला, तो राहिला नाही. तो काळा, वजनदार फोन दगडाच्या बाजूला एका फळीवर बसवला होता.

द्रौपदी रोज बबनचं नाव पदराने पुसायची. पण बागेत शिरल्यावर डोळे आधी सोनेरी अक्षरांकडे जायचे आणि रोज तिला तेच वाटायचं, की मेला त्याला सोनं आणि जो चाळीस वर्षं पुढे खोकत जगला त्याला चुना.

त्या मंगळवारी ती आत आली तेव्हा कमळाबाई आधीच आलेली होती. कमळाबाई म्हणजे हरिचंद्रची बायको. अठराव्या वर्षी विधवा झाली आणि कुळगावात भावाच्या घरी, पडवीतल्या खोलीत राहिली. ती पाठमोरी उभी होती. फोनचा रिसीव्हर तिच्या कानाला होता. धूळ पुसत असेल, असं द्रौपदीला वाटलं.

मग कमळाबाई हसली. पदर तोंडाशी धरून, खांदे आत ओढून, चारचौघांत नवऱ्याने काहीतरी कानात सांगितल्यावर नवी नवरी हसते तशी.

२

"काय गं कमळ, कोणाशी बोलतेस?"

कमळाबाईने रिसीव्हर हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तसा ठेवला. "कोनाला सांगू नको ताई. ते बोलतात."

"कोण ते?"

"आमचे."

पन्नास वर्षांपूर्वी दोघी पॉवर हाऊसच्या क्वार्टरमध्ये शेजारी शेजारी राहायच्या. तेव्हापासून कमळाबाई तिला ताई म्हणायची. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. म्हातारी मात्र झाली होती.

द्रौपदीने फळीच्या मागे वाकून बघितलं. फोनची वायर वीतभर होती, टोकाला कापलेली. पाइपाने झाडांना पाणी घालणारा जनू माळी लांबूनच म्हणाला, "आज्जी, तो मुका फोन आहे. पोरं खेळतात, म्हणून ठेवलाय."

"ऐकलंस?" द्रौपदी म्हणाली.

"मला ठावं हाय वायर नाय ती," कमळाबाई म्हणाली. "उद्घाटनाला मी नुसता कानाला लावला, नि आतून हाक आली."

"आणि काय बोलतात?"

"काय बोलनार? जेवलीस का, विचारतात. आत लय गरम होतंय, म्हनतात. ड्युटी सुटली की घरी येऊ का, म्हनतात."

"मग?"

कमळाबाईचं हसू उतरलं. "मी नाय बोलवत. म्हनतंय, हाय तिथं बरं हाय. ताई, तेव्हा मला त्यांचं तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. चादरीवरून हात लावू दिला फकस्त. ते आले तर कसे येतील, कोन जाने."

द्रौपदीने रिसीव्हर उचलून कानाला लावला. काही नाही. शिंपला लावल्यावर येतो तसला घों घों आवाज. रिसीव्हर गरम होता. कमळने एवढा वेळ धरला होता, गरम असणारच. तिने तो ठेवून दिला आणि कमळाबाईकडे न बघता बाकावर जाऊन बसली.

३

त्या संध्याकाळी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं.

"आई, बरं वाटत नाही का?" भावनाने विचारलं.

"काय धाड भरलीय मला?"

बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर होतं ते. भूतखेत, अंगात येणं, नवससायास यांतलं काही द्रौपदीने उभ्या जन्मात मानलं नव्हतं. मुलगा मिलिंद लहान असताना शेजारणीने त्याची दृष्ट काढली, तर हिने तिला दारातून परत पाठवलं होतं. तेव्हा फोनचं ऐकून हसायला यायला हवं होतं. हसू येत नव्हतं. छातीत काहीतरी चरचरत होतं, आणि त्याला काय म्हणतात ते तिला चांगलं ठाऊक होतं.

ते नवं नव्हतं. क्वार्टरची मधली भिंत अर्ध्या विटेची होती. बबन कामावरून यायचा, जेवायचा, कुशीवर वळायचा. पलीकडे हरिचंद्र बायकोशी तासतासभर बोलायचा. काय गो कमळराणी, आज काय केलंस, कोनाशी भांडलीस, केसांना कुठलं तेल लावलंस. वीस वर्षांची द्रौपदी भिंतीला पाठ लावून ऐकत राहायची. बबनने तिला चाळीस वर्षांत नावाने हाक मारली असेल ती बोटांवर मोजण्याइतकी. माणूस वाईट नव्हता. हुं म्हणायचा. त्या तेरा दिवसांनंतर तर तेवढंही कमी झालं. आणि गेला तोही तसाच, झोपेत, न सांगता. त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

कमळचा मेलेला नवरासुद्धा बोलत होता.

दुसऱ्या दिवशी द्रौपदी सकाळी अकरालाच बागेत गेली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने रिसीव्हर उचलला. "अहो," ती म्हणाली. "मी आहे." घों घों. दुपारी परत. तिसऱ्या दिवशी परत. "अहो, मिलिंदला प्रमोशन मिळालं. ऐकताय ना?" काही नाही. आठवडाभर तिने हे केलं. कमळाबाई आली की द्रौपदी उठून बाकावर जायची. कमळाबाई फोन कानाला लावायची आणि चपला काढायच्या आतच तिचं हसू सुरू व्हायचं.

एकदा न राहवून द्रौपदी तिच्या इतक्या जवळ जाऊन उभी राहिली की गालाला गाल लागावा. शब्द ऐकू आले नाहीत. पण कमळाबाई बोलायची थांबली की मध्ये जी शांतता पडायची, ती रिकामी नव्हती.

४

मार्चच्या शेवटी कमळाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये. आठ दिवस ऊन नाही, धूळ नाही, रिक्षाचे हेलकावे नाहीत.

"ताई, येवढं काम कर माझं," ती म्हणाली. "तुला नाय ऐकू आलं तरी चालंल. फोन उचल नि सांग, कमळ आठ दिवस येनार नाय, डोळ्याचं ऑपरेशन हाय, काळजी करू नका. नायतर ते वाट बघत बसतील."

"वेडी आहेस तू."

"हाय ना. पन सांगशील?"

"सांगेन."

दुसऱ्या दिवशी द्रौपदी बागेत गेली. तीन वाजत आले होते. जनू झाडाखाली तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. निरोप द्यायचा, बबनचं नाव पुसायचं आणि घरी जायचं असं तिने ठरवलं होतं. तिने रिसीव्हर उचलला.

घों घों आज जवळून येत होतं. मोठी यंत्रं बंद दाराआड चालतात तसं. त्यात कुठेतरी पाणी उकळत होतं. ती तोंड उघडणार एवढ्यात आवाज आला, तरुण, मोकळा, भिंतीपलीकडून शेकडो वेळा ऐकलेला.

"कमळ?"

द्रौपदीच्या हातातली काठी पडली. निरोप ओठांवर होता. कमळ आठ दिवस येणार नाही. एवढंच म्हणायचं होतं.

"काय गो, बोलत का नाय? कमळच हायस ना?"

"हां," द्रौपदी म्हणाली, आणि आवाज बारीक करून कमळाबाईसारखा हेल काढला. "कमळच बोलतंय."

५

हे कानाचे भास आहेत, असं ती स्वतःला पहिले दोन दिवस सांगत होती. वयात होतं असं, डॉक्टरला विचारायला हवं. तिसऱ्या दिवशी तिने सांगणं सोडून दिलं. त्या दिवशी तिने कपाटातली अबोली रंगाची साडी काढली.

"आई, कोणाच्या लग्नाला?" भावनाने विचारलं.

"का, म्हातारीने चांगलं नेसू नये?"

भावना जवळ आली. "तुमचा कान बघू. फोड आलाय की हो. चटका बसला का?"

"तेल उडालं," द्रौपदी म्हणाली. त्या दिवशी तिने काही तळलं नव्हतं.

तो विचारायचा आणि ती सांगायची. केसांना कुठलं तेल, आज काय केलंस, भाऊ कसा आहे. क्वार्टरमधलं सगळं तिला माहीत होतं, भिंतीने शिकवलं होतं. "आवाज बदलला गो तुझा," तो एकदा म्हणाला. "सर्दी झालीय," ती म्हणाली, आणि तो कळवळून काढा घे म्हणाला. कोणी कळवळून काढा घे म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. तिचे डोळे भरून आले. कमळ हे सगळं तीन महिने एकटी खात बसली होती, असंही तिला वाटलं.

सातव्या दिवशी तो म्हणाला, "ड्युटी सुटत आली माझी. तू एकदाही ये म्हनत नायस. ये म्हन ना."

द्रौपदीला चादर आठवली. पण उद्या संपलं की परवा कमळ येणार, फोन तिचा होणार, आणि आपण पुन्हा बाकावर बसणार, हेही आठवलं.

"या की," ती म्हणाली.

"कुठं? क्वार्टर तर पाडलं, बोललीस."

"शिवमंदिराच्या रस्त्याला. पिवळी बिल्डिंग आहे, दवाखान्याच्या वर. तिसरा मजला, डावीकडचं दार."

पलीकडे खट्‌ झालं. यंत्रं थांबली. रिसीव्हर तिच्या हातात बघता बघता गार पडला.

आठव्या दिवशीही तो गारच होता.

६

कमळाबाई काळा चष्मा लावून आली. आल्या आल्या तिने फोन उचलला, थोडं ऐकलं, ठेवला, पुन्हा उचलला. मग तिने कान बदलला.

"ताई, निरोप दिलास ना?"

"दिला."

"मग रुसले असतील."

तासभर ती फोन धरून उभी राहिली. द्रौपदी बाकावरून बघत होती. कमळाबाईच्या तोंडावर हसू नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते बघून द्रौपदीला बरं वाटलं. घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली नाही. पाय दुखतात असं तिने स्वतःला सांगितलं. भावना गेली, घर शांत झालं. तीन वाजता तिच्या लक्षात आलं, की हॉल फार तापलाय. पंखा चालू होता. एप्रिल होता, तापणारच. पण उष्मा खिडकीकडून येत नव्हता, दाराकडून येत होता.

मग जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी, मध्ये थांबत. दुसऱ्या मजल्यावर थांबली. तिसऱ्या मजल्यावर आली. दारापाशी थांबली. जड बुटांमध्ये पाणी असावं तसा आवाज झाला.

बेल वाजली नाही. बोटाच्या पेराने दारावर तीनदा टकटक झालं.

"कमळ. दार उघड गो. सुटली ड्युटी."

द्रौपदी सोफ्याच्या कडेला धरून उभी होती. कुरियरवाला असेल, असं तिच्या डोक्याने सांगून बघितलं. ती सरकत सरकत दारापाशी गेली आणि दाराच्या भिंगाला डोळा लावला. भिंग बाहेरून वाफेने पांढरं झालं होतं. आत-बाहेर, आत-बाहेर, कोणीतरी अगदी जवळून श्वास सोडत होतं.

अर्धा तास ती हलली नाही. मग पावलं गेली.

रात्री मिलिंदने दारावरून हात फिरवला. बाहेरचा रंग फुगून पापुद्रे सुटले होते. "वरच्यांची पाइपलाइन गळतेय," तो म्हणाला. "सोसायटीला सांगतो."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तेच. तिसऱ्या दिवशीही. तो चिडत नव्हता. तेच सर्वांत वाईट होतं. "दमलीस का?" तो बाहेरून विचारायचा. "नीज. मी थांबतो."

७

चौथ्या दिवशी तीनला पाच मिनिटं असताना द्रौपदीचा मोबाइल वाजला. कमळाबाई होती.

"ताई, बागेत ये! लगेच ये! फोन लागला."

"तुझे?"

"माझे नाय गो. तुझे! बबनभाऊ हायत. आधी नुसतं हुं, हुं करत होते. मी म्हटलं, कोन? तर म्हनाले, द्रौपदीला बोलव. ताई, नावानं बोलले. मी रिसीव्हर धरून ठेवलाय. या हातात ते, त्या हातात तू. रिक्षा कर नि ये."

द्रौपदीने पायात चपला सरकवल्या. ती साडीचा काठ मुठीत धरून दाराकडे निघाली आणि दोन पावलांवर थांबली. दाराकडून उष्मा येत होता. जिन्यावर पावलं वाजत होती.

"ताई? निघालीस का?"

टकटक झालं. "कमळ," बाहेरून आवाज आला. "दार उघड."

मोबाइलमध्ये सगळं शांत झालं. बागेतल्या साळुंक्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"ताई," कमळाबाई म्हणाली. "तुझ्याकडं कोन बोललं?"

द्रौपदीने मोबाइल कानाशी दाबून धरला.

"ताई, ते माझे हायत."

"मी निरोप नाही दिला," द्रौपदी म्हणाली. "त्यांनी विचारलं, कमळ का. मी हो म्हटलं. मला फक्त ऐकायचं होतं गं. मग त्यांनी पत्ता विचारला."

ती शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर सोपं झालं असतं.

"फोन दाराला लाव," कमळाबाई म्हणाली. "मोठ्यानं ऐकू जाईल असा कर."

द्रौपदीने स्पीकर लावला आणि हात लांब करून मोबाइल दाराच्या फटीशी धरला. बोटांना झळ लागत होती.

"अहो," कमळाबाईचा आवाज खोलीभर झाला. "मी हितं हाय. पॉवर हाऊसला. तुमच्या फोनपाशी."

बाहेरचा श्वास थांबला.

"तू कमळ?"

"हां."

"मग आत कोन हाय?"

द्रौपदीने डोळे मिटले. कमळाबाईने आता नाव घेतलं असतं तर तो तिचा हक्क होता.

"कोनी नाय," कमळाबाई म्हणाली. "आत कोनी नाय. तुम्ही या हिकडं. कसेही या."

दारापासून काहीतरी सुटं झालं. पावलं उतरू लागली, आता न थांबता. भिंगावरची वाफ विरत होती. द्रौपदीने डोळा लावला. खाकी शर्ट, पाठीला चिकटलेला, ओला. सव्वीस वर्षांच्या माणसाची ताठ पाठ. तेल लावून नीट भांग पाडलेले काळे केस. जिना वळतो तिथे कठड्यावर हात टेकला गेला. त्या हाताकडे तिने एकदाच बघितलं. वळणावर तो तोंड इकडे करणार हे तिच्या लक्षात आलं आणि ती भिंगापासून बाजूला झाली.

मोबाइल चालूच होता. कमळाबाईचा नुसता श्वास ऐकू येत होता. पाच मिनिटांनी ती हसली. मग मोबाइल कशावर तरी आपटल्याचा आवाज आला.

८

दार उघडायला द्रौपदीला वीस मिनिटं लागली. रिक्षा करून ती बागेत पोचली तेव्हा जनूने चारपाच माणसं गोळा केली होती. कमळाबाई बाकावर मागे टेकून बसली होती. डॉक्टरने नंतर सांगितलं, उन्हाचा त्रास, हृदय थांबलं, वयच झालेलं. तिच्या दोन्ही तळव्यांना आतून फोड कसे आले, ते त्याने लिहिलं नाही. बाकाची फळी गरम असेल, असं जनू म्हणाला.

काळा चष्मा घसरून मांडीवर पडला होता. पदर तोंडाशी होता. डोळे उघडे होते आणि ती हसत होती.

रिसीव्हर खाली लोंबकळत होता. द्रौपदीने तो उचलला, माणसांची पर्वा न करता कानाला लावला. "अहो," ती म्हणाली. "आले मी. द्रौपदी." गार होता. घों घोंसुद्धा नव्हतं. नुकतंच कोणीतरी वाट बघून उठून गेलं असावं, तशी ती शांतता होती.

मिलिंद आला, तिला धरून घरी घेऊन गेला. "रड आई," तो वाटेत म्हणाला. "रडून घे." एवढी पन्नास वर्षांची मैत्रीण गेली, हिला रडू कसं येत नाही, याचं त्याला नवल वाटत होतं. त्याला काय सांगणार? त्या बाकावरचं हसू बघून तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं, पश्चात्ताप नव्हता. छातीत तेच जुनं चरचरलं होतं.

मे महिन्यात सोसायटीने दार रंगवून दिलं. द्रौपदी अजून रोज सकाळी बागेत जाते, दोन्ही नावं पुसते, फोन उचलते, ठेवते. दुपारी मात्र ती घरीच असते. भावना शाळेला गेली की तीनच्या आधी ती दाराची कडी काढते आणि दार वीतभर उघडं ठेवून हॉलमध्ये बसते. चोरबीर शिरेल कधीतरी, म्हणून भावना चिडते. "कोणासाठी उघडं ठेवता, आई?" असं तिने दोनदा विचारलं.

द्रौपदीलाही ते नक्की माहीत नव्हतं.